वांग्याची नाडी

माझ्या कमरेला दोर बांधता बांधता मामांनी विचारलं, "जेवलास न्हवं?"

"दोन भाकरी खाल्ल्या."

"कशाला दोन? ओढायचं आमाला हाय."

त्यांनी गाठ हिसडून बघितली आणि चन्नूकडं वळले. चन्नू म्हणजे त्यांचा मुलगा. मामांचा फोन त्याच्या हातात होता. "किती दावतंय?"

"सत्त्याण्णव, अप्पा."

"बघ म्हांतू. तुझ्या पुण्यात तरी मिळतोय का एवढा ऑक्सिजन?"

पुण्यात मिळत नव्हता, हे खरं होतं. पण हा सत्त्याण्णव टक्के ऑक्सिजन एका वांग्याचा होता. मामांचं स्मार्टवॉच अंगावर घालून ते वांगं त्या वेळी माझ्या पायाखाली, जमिनीच्या आत, सुतळीला लटकत होतं. त्याच्या मागोमाग मी उतरायचं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अजूनही सांगायला बसलो की ऐकणारा विचारतो, घरात कुणी शहाणं माणूस नव्हतं का? होती ना, सगळीच शहाणी होती. एकेक पायरी नीट विचार करूनच आम्ही त्या भोकापर्यंत पोचलो होतो.

ते भोक म्हणजे पेवाचं तोंड. पेव ही जमिनीच्या पोटातली कोठी. वरचं तोंड एवढं अरुंद की एक माणूस खांदे आखडून जेमतेम आत जाईल, आणि खाली गेलं की खोलीएवढी जागा. आमच्याकडं कृष्णाकाठची माती चिवट आहे. पूर्वी तिच्यात अशी पेवं खणून हळद भरायचे, तोंड लिंपून टाकायचे आणि भाव येईपर्यंत विसरून जायचे. अडचण एकच. बंद पेवात हवा मरते. हे मामीचे शब्द. म्हणून पेव उघडलं की ते वाऱ्याला ठेवायचं, मग सुतळीनं पेटता दिवा आत सोडायचा. दिवा तळाला जाऊनही जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर सगळ्यांनी घरी जाऊन जेवायचं.

परसातलं हे पेव माझ्या जन्माआधीपासून बंद होतं. रेवणसिद्ध आवटी, म्हणजे माझे मामा, सांगलीच्या बाजारात हळदीचे अडते. गुजरातेतला एक व्यापारी त्यांना म्हणाला, मला कोल्ड स्टोरेजची हळद नको, पेवातली द्या, तिला रंग वेगळाच असतो. झालं. पेव उघडायचं, आतला जुना पाला-काड काढायचा आणि ताजी हळद भरायची असं मामांनी ठरवलं. आत उतरायला घरात तीन पुरुष होते. मामांचं पोट त्या तोंडात बूच बसल्यासारखं बसलं असतं. चन्नू व्यायामशाळेत जायचा, त्याचे खांदे आडवे करूनही गेले नसते. मी चार दिवस सुट्टीवर आलो होतो आणि इतका बारीक होतो की घड्याळाच्या पट्ट्याचं सगळ्यात आतलं भोकसुद्धा मला सैल व्हायचं.

घड्याळ मीच आणलं होतं. इंजिनिअरिंग संपवून मी पुण्यात एका मोबाईलच्या दुकानात एक्झिक्युटिव्ह होतो, म्हणजे काच पुसायचो. दिवाळीला मामांना एक स्मार्टवॉच दिलं, त्यांच्या फोनला जोडून दिलं आणि नाडी, पावलं, ऑक्सिजन कुठं दिसतो ते दाखवलं.

मामांचा संसार त्या दिवसापासून तिघांचा झाला. फोन सदऱ्याच्या खिशात, घड्याळ मनगटावर. कुणाचा कॉल आला की दोन्ही थरथरायचे. मामा आधी मनगटावर नाव वाचायचे, मग खिशातून फोन काढून तेच नाव परत वाचायचे, आणि दोन्हीकडं एकच माणूस निघाला की समाधानानं उचलायचे. तोवर त्या माणसानं ठेवलेला असायचा. बराच वेळ बसलं की घड्याळ सांगायचं, उठा, थोडं चाला. मामा चालू सौद्यातून उठून चालायला लागायचे. समोरच्याला वाटायचं भाव पटला नाही, तो वाढवून द्यायचा. घड्याळावर मामांचा विश्वास बसायला एवढं पुरलं.

बॅटरी दहा दिवस चालेल असं खोक्यावर छापलं होतं. मामांनी उजेड पूर्ण ठेवला, पडदा कायम जागा ठेवला, बोलणं घड्याळावरूनच सुरू केलं आणि ऑक्सिजन सारखा मोजायला लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळ आडवं झालं. पण चार्ज करायला मामा तयार नव्हते.

"कंपनीनं दहा दिवस म्हणलंय. मधीच खायला घातलं की सवय लागती."

म्हणून मामीनं आपला मार्ग काढला. मामा आंघोळीला गेले की ती घड्याळ गुपचूप चार्जरला लावायची आणि ते बाहेर यायच्या आत होतं तिथं ठेवायची. घड्याळ आपल्या हिमतीवर सावरतंय अशी मामांची समजूत. आंघोळ लांबली की घड्याळ दिवसभर चालायचं. ज्या दिवसाबद्दल मी बोलतोय त्या दिवशी पेवाच्या नादात मामांनी दोन तांबे ओतून घेतले आणि बाहेर आले.

ते आले तेव्हा मी स्वयंपाकघरात घड्याळ वांग्याला बांधत होतो.

मामी भरलं वांगं करणार होती. सुपात आमच्याकडची हिरवी, काटेरी देठांची वांगी होती. तिनं नुकतंच चार्जरवरून काढलेलं घड्याळ मी एका लांबट वांग्याला गुंडाळलं. घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर नाडी आली. बहात्तर.

"मामी, वांग्याची तब्येत बरी आहे."

"जा, मेल्या."

"ऑक्सिजन पण बघू." तो आला सत्त्याण्णव. मामी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आता चिरू कशी मी हे?"

यात जादू काही नव्हती. त्या घड्याळाला समोर काहीतरी लागायचं, मग त्यावरून ते आकडा ठोकून द्यायचं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की आम्ही टिश्यूच्या गुंडाळीची नाडी बघत बसायचो. एकदा स्टेपलरला ताप निघाला होता.

पण दारात ओल्या डोक्यानं उभे असलेले मामा हसले नाहीत. ते जवळ आले, वांगं हातात घेतलं आणि दोन्ही आकडे वाचले. मग खिशातून फोन काढून परत वाचले. दोन्हीकडं सारखेच.

"झाडाला जीव असतोय का न्हाई?" त्यांनी मला विचारलं.

"असतो."

"मग वांग्याला का नसंल? घड्याळाला कळलं. तुला न्हाई कळलं."

"मामा, हे घड्याळ—"

"पेवात हे वांगं सोडायचं. वांग्याला आत श्वास घावला म्हंजे माणसाला घावतोय. आकडा हितं वर फोनवर दिसतोय. बास."

मी हसलो. यापेक्षा चांगला विनोद मलाही सुचला नसता. मामी मात्र हसायची थांबली होती.

"अहो, दिवा सोडा," ती म्हणाली.

"रॉकेल कुठं मिळतंय आता?"

"तेलाचा सोडा. देव्हाऱ्यातला देते मी."

"दिव्यावर माझा इश्वास न्हाई."

हे ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण मामीनं मान खाली घातली. मग तिनं भिंतीकडं बघितलं. भिंतीवर धाकट्या मामांचा, ईराण्णामामांचा फोटो होता. मिसरूड जेमतेम फुटलेली, वर चंदनाचा हार. ते कृष्णेत बुडाले असं मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून तर आम्हा पोरांना कधी नदीत उतरू दिलं नाही. आमच्या पिढीत एकालाही पोहता येत नाही.

"दिवा बोलतोय एक आन् असतंय एक," मामा दाराकडं वळत म्हणाले. "आकडा बोलला की बोलला."

दुपारच्या उन्हात आम्ही परसात जमलो. पेवाचं तोंड मामांनी पहाटेच फोडून ठेवलं होतं. जवळ गेल्यावर वास आला. हळदीचा होता, पण ओल्या पोत्यात बरेच दिवस कोंडलेल्या हळदीचा. शेवटी नाकात आंबूस काहीतरी रेंगाळायचं. मी एक खडा आत टाकला. आवाज आलाच नाही.

"खाली पाला हाय, मऊ," चन्नू म्हणाला.

"मला वाटलं कुणी झेलला."

चन्नू फसकन हसला. मामांनी आम्हा दोघांकडं बघितलं आणि वांग्याच्या देठाला सुतळी बांधली.

वांगं अंधारात उतरू लागलं. घड्याळाचा पडदा हिरवट उजळलेला होता, तो लहान लहान होत ठिपक्याएवढा झाला. चन्नू फोनवर आकडे वाचत होता. "सत्त्याण्णव. सत्त्याण्णव. अप्पा, सत्त्याण्णवच." सुतळी सैल पडली. वांगं तळाला टेकलं होतं.

"आता?"

"सत्त्याण्णव. नाडी बहात्तर."

"मामा," मी म्हणालो, "वांग्याला नाडी नसते."

"मग ही बहात्तर कुनाची?"

मला गप्प करायला म्हणून ते बोलले होते, ताडकन. पण बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांनी स्वतः ऐकलं. सुतळीवरची त्यांची मूठ आवळली. आम्ही चौघंही त्या भोकाकडं बघत राहिलो. तळाशी तो हिरवा ठिपका होता आणि चन्नूच्या हातात बहात्तर.

मामी दोन पावलं मागं सरली. "भावजी," ती म्हणाली. म्हणजे ओठ हलले फक्त.

"गप." मामांनी सुतळी खुंटीला बांधली. "म्हांतू, चल. दोर बांध."

कुणीही विचारेल, मी नाही का म्हणालो नाही. मी म्हणालो. "मामा, मी मरेन आत," असं मी स्पष्ट म्हणालो. चन्नू हसला. मी सकाळपासून ज्या आवाजात विनोद करत होतो त्याच आवाजात हेही बोललो होतो, आणि माझ्याकडं दुसरा आवाज नव्हता. मी परत म्हणालो, "खरंच सांगतोय, हे घड्याळ काहीही दाखवतं." चन्नू म्हणाला, "विकताना असं सांगतोस काय रे गिऱ्हाइकाला?" यावर मीच हसलो. हसून झाल्यावर बघतो तर कमरेला दोर आला होता.

मामीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि घाईनं घरात निघून गेली. मला वाटलं, तिला बघवत नाही.

"मी वरनं आकडा बघत ऱ्हातोय," मामा म्हणाले. दोर त्यांनी पाठीमागून घेऊन पोटावर गुंडाळला होता. "जरा खाली सरकला की तुला ओढून घेतो. दिवा असता तर तुला आत बघत बसाय लागलं असतं. हितं फोनवर दिसतंय सगळं."

"अप्पा, घड्याळाची बॅटरी दोन टक्के दावतंय."

"दावू दे. दहा दिवस चालतंय ते."

मी काठावर बसलो आणि पाय आत सोडले. पायांना ऊब लागली. वारा अजिबात नव्हता, तरी कुणीतरी कोमट पाण्यात पाय धरून ठेवल्यासारखं वाटलं. मी कंबर आत घेतली, मग छाती. कोपरं काठावर टेकून लोंबकळत राहिलो. हनुवटीशी गवत होतं, समोर मामांच्या चपला. त्या आंबूस वासानं घसा धरला. खाली बघितलं तर दोन पायांच्या मधोमध, खूप खोल, तो हिरवा ठिपका.

"सोड आता हात," मामा म्हणाले.

मी एक हात सोडला. आणि ठिपका गेला.

फोन टुणकन वाजला. चन्नू म्हणाला, "गेलं."

"काय गेलं?"

"घड्याळ. संपर्क तुटला म्हणतंय."

"आकडा?"

"आकडा न्हाई. नुस्त्या दोन रेघा." त्यानं पडद्यावर दोनदा बोट ओढलं. "काय न्हाई अप्पा, आत्तापतूर सत्त्याण्णवच हुता की. उतर म्हांत्या. बॅटरी संपली असंल."

मी मान वर केली. ऊन मामांच्या पाठीमागं होतं, तोंड मला नीट दिसलं नाही. दिसल्या त्या फक्त चपला. त्यातली एक हळूच मागं सरकली.

"काय म्हणलास?" त्यांनी चन्नूला विचारलं.

"बॅटरी संपली असंल म्हणलं. त्या आकड्याला काय झालं न्हाई."

"परत म्हण."

"काय अप्पा?"

दोर एवढ्या जोरात ताणला गेला की माझी बरगडी कचकली. मामांनी मला एका दमात बाहेर खेचलं, मी गवतावर पालथा पडलो, तरी ते ओढतच राहिले. फरफटत मी पार पेरूच्या झाडापर्यंत गेलो. तिथं ते मटकन खाली बसले. दोर हातातून सोडला नाही.

"अप्पा, नुस्ती बॅटरी," चन्नू म्हणाला. "चार्ज करून परत सोडू की."

"मी बी हेच म्हणलं हुतं."

चन्नू माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं.

"तेल संपलं असंल म्हणलं हुतं मी." मामा पेवाच्या तोंडाकडं बघत बोलत होते. "निम्म्यात विझला. ईराण्णा म्हणला, दादा, दिवा विझला. मी म्हणलं, तेल संपलं असंल, उतर तू. गाडी हुबी हुती दारात, हळद भरायची हुती. उतर म्हणलं. उतरला." त्यांनी हातातला दोर थोडा वर उचलून आम्हाला दाखवला. "दोर हितंच हुता. एकदम जड झाला."

माझ्या मनात एक अगदी निरुपयोगी विचार आला, की आमच्या घराण्यात बुडून कुणीच मेलेलं नाही.

"पोरांला नदी सांगितली, थोरांला सांगितलं दिव्यानं फशिवलं," मामा म्हणाले. "दिवा खरंच बोलला हुता."

मामी मागच्या दारातून आली. तिच्या हातात देव्हाऱ्यातलं पितळी निरांजन होतं. तेलानं काठोकाठ भरलेलं, वात जाड, नवी. विझलं तर कुणाला काही कारण सांगता येऊ नये असं भरलेलं. ती घरात गेली होती ती यासाठी. मामांनी तिला अडवलं नाही.

तिनं सुतळी ओढून आधी वांगं वर घेतलं. जसं गेलं होतं तसंच आलं, हिरवं, चकचकीत, मनगटाएवढ्या अंगावर काळं पडलेलं घड्याळ. तिनं ते बाजूला ठेवलं आणि त्याच सुतळीला निरांजन बांधलं. ज्योत पेवाच्या तोंडातून आत गेली. भिंतीवरची पिवळी माती उजळली, कुदळीचे जुने घाव दिसले. निम्म्यापर्यंतही गेली नसेल. ती फडफडली नाही की हलली नाही. कुणीतरी दोन बोटांत अलगद धरावी तशी विझली.

वर आणलेल्या निरांजनात तेल तसंच काठोकाठ होतं.

मामीनं माझ्या कमरेची गाठ सोडायला घेतली. मामांनी ती इतकी घट्ट मारली होती की शेवटी विळा आणावा लागला. गाठ सुटेपर्यंत ती एकच वाक्य बोलली. "आज लवकर आले हे आंघोळीहून." ते मला नीट समजायला रात्र व्हावी लागली. मामांनी त्या दिवशी आणखी दोन तांबे अंगावर घेतले असते, तर घड्याळाला आणखी चार टक्के मिळाले असते, आणि फोनवर सत्त्याण्णव दिसत राहिलं असतं.

संध्याकाळी मामांनी आणि चन्नूनं पेव मातीनं बुजवलं. गुजरातच्या व्यापाऱ्याला कोल्ड स्टोरेजची हळद गेली. तो म्हणाला, बघा, पेवाच्या हळदीचा रंगच वेगळा.

त्या वांग्याची भाजी मामीनं केली नाही. ते दुपारपासून कट्ट्यावर पडून होतं, कुणी त्याला हात लावेना. अंधार पडायच्या आधी मामांनी ते उचललं, परसाच्या कोपऱ्यात हातानं खड्डा केला आणि आत ठेवलं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात. मामांनी कपाळाची विभूती बोटानं पुसून घेतली, वांग्याला लावली आणि माती ओढली. चन्नूनं एक मूठ घातली. मग मी घातली. या प्रसंगावर मला निदान सहा विनोद सुचायला हवे होते. एकही सुचला नाही.

मामा अजून तेच घड्याळ वापरतात. पट्टा दोनदा बदलला, पडद्याला तडा आहे. रोज सकाळी ते स्वतःच्या हातानं ते चार्जरला लावतात आणि शंभर होईपर्यंत समोर बसून राहतात. तोवर कुणाचा फोन उचलत नाहीत.

माझ्याकडंही घड्याळ आहे. त्यात नाडी बरोबर येते म्हणतात. तरी कधी कामाच्या मधेच मनगटावर नजर जाते आणि तिथं बहात्तर दिसतं. तेव्हा मी हातातलं काम ठेवतो, दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटावर दाबतो आणि ती माझीच आहे याची खात्री पटेपर्यंत मोजत राहतो.